नाथसागराचा चिखल आणि आमची नववी

शाळेचं सुवर्णमहोत्सवी वर्ष म्हणून ग्रुपवर सगळे मागं लागलेत, तू पण लिही, तू पण लिही. गॅदरिंग, खो-खो अन् दहावीच्या निकालावर बाकीचे लिहिणारच आहेत, म्हणून मी आपला नववीच्या पैठणच्या सहलीवर लिहितो.

पैठण म्हणल्यावर सगळ्यांच्या डोक्यात एकच, ज्ञानेश्वर उद्यान अन् तिथले कारंजे. नाथांच्या समाधीचं दर्शन झालं, जायकवाडी धरणाचे, म्हणजे ज्याच्या पाण्याला नाथसागर म्हणतात त्याचे, 27 दरवाजे लांबूनच दाखवून झाले, अन् आता बागेत जायचं म्हणून पोरं खिडकीतून डोकी काढून बसलेली, तर जीवशास्त्राच्या सरांनी एसटी बॅकवॉटरच्या रस्त्याला घ्यायला लावली. लय कुरकुर झाली. जानेवारीचा महिना होता, पाणी मागं सरकलेलं, जिथपर्यंत नजर जाईल तिथपर्यंत काळा चिखल, मधी मधी बेशरमाची झुडपं, पाणकणीस, अन् वरच्या अंगाला गाळपेऱ्यातला, म्हणजे पाणी उतरल्यावर गाळात पेरलेला, हरभरा. चपला हातात घेऊन सगळे उभे.

सरांकडं दुर्बीण एकच, तीपण उसनी आणलेली. त्यांनी नियम घातला, पक्ष्याचं नाव विचारायचं नाही. चोच कशी, पाय केवढे, पाण्यात कुठपर्यंत उभा आहे अन् काय खाऊ राहिला, एवढंच वहीत लिहायचं. आमाला वाटलं सरांनाच नावं येत नसतील. पण तासाभरात वहीत आपोआप वाटणी व्हायला लागली. लांब लाल पायांचा तो पार आतपर्यंत जाऊन सुईसारख्या चोचीनं टिपतो, चपट्या रुंद चोचीचं बदक पाण्यावर चोच घासत गाळतच पुढं जातं, अन् टिबुकली तर बुडी मारती ती भलतीकडंच वर येती. मग सर म्हणले, हां, आता नावं घ्या, लाल पायांचा तो शेकाट्या, चपट्या चोचीचा तो थापट्या. एकच पाणी, पण ज्याची त्याची पंगत वेगळी.

रोहित पक्षी लांब होते, एक जण म्हणला, सर, ते बगळे झोपले की काय मान खाली घालून. सरांनी दुर्बीण त्याच्याच हातात दिली. डोकं पाण्यात, तेपण उलटं, चोचीची वरची बाजू खाली. सर म्हणले जिभेनं पाणी आत-बाहेर करतो, चोचीच्या कडेला कंगव्यासारखे दाते असतात त्यात बारीक किडे अन् शेवाळ अडकतं, अन् त्या खाण्यातूनच पिसांना गुलाबी रंग येतो. कळपात काही मळकट राखाडी पण होते, ती पिल्लं, अजून रंग चढलेला नव्हता.

वनस्पतींचा तास मला जास्त आठवतो. सर गुडघाभर पाण्यात उतरले, पॅन्ट वर दुमडून, अन् मूठभर गवत उपटून आणलं. हायड्रिला आमाला माहीत होती, लॅबमधी नरसाळ्याखाली ठेवून ऑक्सिजनचे बुडबुडे मोजलेले. पण वॅलिसनेरिया नवीन होती. मादीफुलाचा देठ लांबच लांब, ते पाण्याच्या वर येऊन थांबतं, नरफुलं खालून सुटून तरंगत तरंगत त्याला येऊन भेटतात, अन् काम झालं की देठ स्प्रिंगसारखा गुंडाळून फळाला खाली ओढून नेतो. सरांनी गुंडाळलेला देठ ताणून दाखवला, सोडला की पुन्हा गोळा. मागच्या रांगेत जे हसणं सुरू झालं ते काही सांगत नाही, पण परीक्षेत तो प्रश्न कुणाचाच चुकला नाही.

दशम्या-धपाटे खाताना कुणीतरी विचारलं, एवढे पक्षी इथंच काहून येतेत? सर म्हणले, धरण 1976 ला झालं, पण जमीन सपाट, म्हणून पाणी खोल न जाता रुंद पसरलं, जवळपास साडेतीनशे चौरस किलोमीटर. उथळ पाणी, त्यात गवत, किडे, शिंपले. 1986 ला अभयारण्य जाहीर झालं, पण पक्ष्यांनी ते आधीच ठरवून टाकलेलं. तेवढ्यात आमचा एक दोस्त हात करून म्हणला, सर, आमचं गाव तिकडं आहे, खाली. आजोबा सांगतेत पाणी लय आटलं की देवळाचा चौथरा उघडा पडतो. सर काही बोलले नाहीत, त्याच्या पानात अजून एक धपाटं वाढलं.

निघताना हरभऱ्याच्या मालकानं आमाला हाकलायला सुरुवात केली, पक्ष्यांवरचा राग आमच्यावर. त्याचं पण खरं होतं. डोक्यामागं दोन काळे पट्टे असलेले ते पट्टकादंब हंस हिमालय ओलांडून येतेत अन् रात्री याच्या शेतात उतरतेत.

आता सध्याच्या सरांना अन् मॅडमना सांगायचं एवढंच, सहल नेणार असाल तर आधी धरणाची पातळी बघा. काठोकाठ भरलेलं असलं की कडेचा चिखल पाण्याखाली जातो, मग चिखलात चरणारे पक्षी पांगतात अन् पोरं नुसतं पाणी बघून परत येतेत. पाणी उतरू द्या, सकाळी लवकर पोचा, पोरांना पांढरे शूज घालू देऊ नका. कारंजे वाटलं तर संध्याकाळी दाखवा. डिझेल अन् दोन चांगल्या दुर्बिणी माझ्याकडं लागल्या, फक्त चार दिवस आधी फोन करा.