आरपी निघाल्यावर पुढे काय? सर्टिफिकेट, काठी आणि मोबाईल, माझा अनुभव

मला रेटिनायटिस पिग्मेंटोसा आहे, रेटिनाचा म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा आजार, सगळे आरपी म्हणतात. तालुक्याच्या गावात राहते, पतसंस्थेत अकाउंट्स बघते. संध्याकाळनंतर दिसायचं कमी हे शाळेपासूनच होतं पण घरात सगळ्यांचं ठरलेलं, पोरगी गाजर खात नाही, पालेभाजी खात नाही, म्हणून रातांधळेपणा. लग्नानंतर दिवसाढवळ्या पण दाराच्या चौकटीला खांदा आपटायला लागला, खाली खेळणाऱ्या पोरांना धडकायला लागले, तेव्हा मग रेटिनावाल्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, आईवडील नात्यातले का? आई म्हणजे बाबांच्या सख्ख्या मामाची मुलगी. डॉक्टरांनी नुसतं हं केलं, हा आजार जीन्समुळे होतो म्हणून विचारलं हे नंतर कळलं.

आरपीत होतं काय, तर पडद्याच्या कडेच्या पेशी ज्या अंधारात आणि बाजूचं बघायला लागतात त्या आधी मरतात आणि मधलं बरीच वर्षं शाबूत राहतं. म्हणजे मी आजही पेपरातलं बारीक अक्षर वाचते पण पायाशी बसलेलं कुत्रं मला दिसत नाही. पाइपातून बघितल्यासारखं. धड डोळ्यांच्या माणसाला आडवं साधारण १८० अंशांपर्यंत दिसतं, माझं पंधराच्या आसपास उरलंय.

डॉक्टर माणूस म्हणून चांगले होते, खोटी आशा लावली नाही. म्हणाले आरपी वेगवेगळ्या अनेक जीन्समुळे होतो, त्यातल्या आरपीई६५ नावाच्या एका जीनसाठी अमेरिकेत २०१७ मध्ये थेरपी मंजूर झालीय, बाकीच्यांसाठी अजून संशोधन चालू आहे, वर्षातनं एकदा दाखवून जा. बस. फाइल बंद. माझा खरा राग इथे आहे. औषध नाही हे सांगायला पाच मिनिटं लागली पण औषध नसेल तर माणसाने जगायचं कसं, सर्टिफिकेट कुठे मिळतं, काठी कोण शिकवतं, मोबाईल बोलतो का, यातलं एक अक्षर तिथे कुणी काढलं नाही, आणि नंतर मी ज्या ज्या आरपीवाल्यांशी बोलले त्यांचं पण असंच.

मला हे सगळं सांगितलं आमच्या स्टँडजवळच्या काकांनी. ते पूर्ण अंध, आधी एसटीडी बूथ चालवायचे, आता रिचार्जचं दुकान आहे. माझ्या नवऱ्याने सहज विषय काढला तर काका म्हणाले, "आधी तिचा यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगाचं सरकारी कार्ड, काढा, बाकी मग बघू. आणि जायच्या आधी फील्डचा, म्हणजे आजूबाजूचं किती दिसतं त्याचा, रिपोर्ट करून घ्या, नाहीतर हात हलवत परत पाठवतील." आम्ही निम्मंच ऐकलं 😅

फॉर्म ऑनलाईन भरायचा असतो, स्वावलंबन कार्डच्या पोर्टलवर. आधार, फोटो, सही, पत्त्याचा पुरावा, मग कुठल्या सरकारी हॉस्पिटलात तपासणी ते निवडायचं. हे सोपं आहे, महा ई सेवा केंद्रात पण करून देतात. खरी गंमत बोर्डाच्या, म्हणजे हॉस्पिटलातल्या तपासणीच्या, दिवशी. सकाळपासून लाईन, सगळ्या प्रकारचे दिव्यांग एकाच व्हरांड्यात. माझा नंबर आला, तक्ता वाचायला सांगितला, मी वाचला, ६/९ पर्यंत, म्हणजे जवळपास सगळा. लिहून घेणारा लगेच म्हणाला, "मॅडम तुम्हाला तर दिसतंय की, उगाच कशाला आलात." त्याचं पण काय चुकलं म्हणा, तक्ता समोर असतो आणि मला समोरचंच दिसतं. डोळ्यांच्या डॉक्टर मात्र समंजस होत्या, आरपी म्हटल्यावर त्यांनी लगेच फील्ड टेस्ट लिहून दिली, पण ते मशीन तिथे बंद होतं, मग मेडिकल कॉलेजला जा, तिथली तारीख घ्या, रिपोर्ट घेऊन परत या. काकांचे शब्द आठवत आम्ही परत एसटीत बसलो.

फील्ड टेस्ट ज्यांनी केली नाही त्यांच्यासाठी सांगते. एक डोळा झाकतात, हनुवटी टेकवायची, आत पांढरा वाटोळा भाग असतो त्यात मध्ये एक दिवा, त्याच्याकडेच एकटक बघायचं आणि आजूबाजूला कुठेही बारीक ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं. मी बसले. मशीन आतून टकटक करतंय म्हणजे ठिपके चालू आहेत हे कळतंय पण दिसत काहीच नाही. मध्येच एखादा चमकला की दाबायचं, परत नुसती टकटक. मुलगी म्हणाली, ताई झोप लागली का, बटण दाबा ना. म्हटलं बाई दिसलं तर दाबीन. प्रिंट निघाली ती सगळी काळी आणि बरोब्बर मध्ये एक पांढरा डाग. इतकी वर्षं मी शब्दांत जे सांगत होते आणि कुणाला पटत नव्हतं, ते त्या एका कागदावर होतं. सासूबाईंना दाखवला तर बराच वेळ हातात धरून बसल्या आणि मग म्हणाल्या, एवढंच दिसतं होय गं तुला.

नियम असा आहे, २०१६ च्या दिव्यांग कायद्यात नजर फक्त तक्त्यावर मोजत नाहीत. चांगल्या डोळ्याचं फील्ड १० अंशांपेक्षा कमी असेल तर तक्ता कितीही वाचा, तुम्ही अंध या व्याख्येत येता, आणि ४० पासून १० पर्यंत असेल तर लो व्हिजन, म्हणजे कमी दिसणारे. मी १० ते २० मध्ये, दोन्ही डोळे सारखेच, म्हणून ७० टक्के मिळाले. ४० टक्के किंवा वर असेल तरच बहुतेक सवलती लागू होतात. माझ्या मागे एक दादा होते, वेल्डिंग करताना एक डोळा गेलेला, दुसरा एकदम ठणठणीत. त्यांना ३० टक्के. सर्टिफिकेट मिळालं पण उपयोग काय, ते विचारत होते की अजून दहा टक्क्यांसाठी दुसरा डोळा फोडून घेऊ का. हसावं का रडावं कळेना.

सर्टिफिकेट पोर्टलवरून डाउनलोड होतं, कार्ड मागाहून पोस्टाने येतं. एसटीत ७५ टक्के सवलत (बायकांना तसंही २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, त्यामुळे माझ्यापेक्षा पुरुषांना हे जास्त कामाचं), इन्कम टॅक्समध्ये (१९६१ च्या कायद्यात कलम ८० यू) ७५,००० ची वजावट, ८० टक्के किंवा वर असेल तर १,२५,०००, पण जुनी करप्रणाली घेतली तरच. आमच्या टॅक्सवाल्याला हे माहीतच नव्हतं, मी सांगितलं.

पण कार्डाने दिसत नाही ना. पुढचं सगळं जास्त महत्त्वाचं निघालं.

काकांनीच नॅबचं सांगितलं, म्हणजे नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, १९५२ पासूनची संस्था, महाराष्ट्राचं ऑफिस नाशिकला सातपूरला. तिथून चौकशी करत करत पुण्यातल्या एका लो व्हिजन क्लिनिकला पोचले. माझी समजूत की आता मोठं भिंग देतील. तिथल्या बाईंनी समजावलं की तुझं मधलं बघणं चांगलं आहे, पाइप अरुंद आहे, अक्षर मोठं केलं तर त्या पाइपात उलट कमी अक्षरं मावतील. मोतीबिंदूच्या आजीला चालतं ते आरपीला चालत नाही. मला दिला पिवळसर फिल्टरचा चष्मा, उन्हातून आत आल्यावर जे आंधळं व्हायला होतं ते त्याने बरंच कमी झालं, आणि एक काळा पुठ्ठा, त्यात एक ओळ मावेल एवढी आडवी खाच कापलेली. लेजरच्या पानावर ठेवायचा, एक ओळ झाली की खाली सरकवायचा, ओळ हरवत नाही. टायपोस्कोप म्हणतात त्याला, घरी कात्रीने पण करता येतो. इतक्या खटपटीत सगळ्यात स्वस्त वस्तू सगळ्यात जास्त वापरात आहे.

काठीला घरातून विरोध. सासूबाई म्हणाल्या काठी घेऊन गावातनं गेलीस तर घराण्यात आंधळेपणा आहे म्हणतील, उद्या पोरीला स्थळं यायची नाहीत. मी पण लाजत होते, खोटं कशाला बोलू. मग एकदा रात्री उघड्या गटारात पाय गेला, घोटा सुजला, तेव्हा नवराच म्हणाला उद्या काठी. शिकवणारे सर स्वतः पूर्ण अंध. घडीची पांढरी काठी, उंची साधारण छातीच्या मधल्या हाडापर्यंत, पुढे खांद्यापेक्षा जरा रुंद अशी डावी उजवी टेकवत जायची, उजवा पाय पुढे पडतो तेव्हा काठीचं टोक डावीकडे, डावा पडतो तेव्हा उजवीकडे, म्हणजे पुढचा पाय जिथे पडणार ती जागा आधीच तपासलेली असते. ऐकायला सोपं, पण सुरुवातीला हात आणि पाय एकाच बाजूला जातात, सर आवाजावरून ओळखायचे आणि ओरडायचे, "चुकली, परत!" नवऱ्यालाही त्यांनी शिकवलं की बायकोचं मनगट धरून ओढायचं नाही, तिने तुमच्या कोपराच्या वर धरायचं आणि अर्धं पाऊल मागे चालायचं. आता लग्नकार्यात आम्ही असंच चालतो, लोकांना वाटतं किती प्रेम.

लोकांचं म्हणाल तर एकदा बसमध्ये काठी घडी करून राखीव सीटवर बसले आणि मोबाईलवर मेसेज वाचला तर शेजारच्या बाई मोठ्याने म्हणाल्या काय नाटकं करतात लोक. आता मी फील्डच्या प्रिंटचा फोटो मोबाईलमध्ये ठेवलाय, दाखवते, ज्याला समजून घ्यायचंय तो घेतो.

मोबाईलवर टॉकबॅक, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून सांगणारी सोय, आत्तापासूनच शिकतेय, पाइप अजून बारीक होईल तेव्हा घाई नको. एकदा टच केलं की वाचून दाखवतो, दोनदा टच केलं की उघडतो, बोट उजवीकडे सरकवलं की पुढचं. मराठी आवाज पण आहे, ठीकठाक आहे. कॉम्प्युटरवर तसंच स्क्रीन वाचून दाखवणारं एनव्हीडीए, फुकट आहे, ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध मुलांनी २००६ मध्ये सुरू केलेलं. एक्सेल त्याने मस्त वाचतं, पण आमच्या पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरमध्ये गेलं की नुसतं बटन, बटन, बटन, कशाचं बटन ते सांगतच नाही कारण बनवणाऱ्याने नावंच दिलेली नाहीत. मॅनेजर साहेबांना सांगितलं, त्यांनी मला एक्सेलमधली स्टेटमेंटं दिली आणि कॅश काउंटर दुसऱ्याकडे. बॅंकेच्या केवायसीचा ताप वेगळाच, कॅमेऱ्यात बघा, गोलात चेहरा आणा, डोळे मिचकवा. यावर सुप्रीम कोर्टाने ३० एप्रिल २०२५ ला निकाल दिलाय की डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि केवायसी सगळ्यांना जमेल अशी करा. निकाल मी मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवलाय, शाखेत गेले की दाखवते.

नोटा मात्र काकांकडून शिकले. नव्या दोनशेची आणि पाचशेची रुंदी सारखीच, ६६ मिलिमीटर, लांबीत फक्त चारचा फरक, १४६ आणि १५०. काका बोटांच्या मध्ये नोट धरतात आणि उरलेल्या टोकावरून सांगतात. कडेला तिरप्या उठावाच्या रेघा असतात, पाचशेला पाच, दोनशेला चार आणि मध्ये दोन बारीक गोल, पण नोट जुनी झाली की त्या लागत नाहीत. रिझर्व्ह बँकेचं मनी नावाचं ॲप आहे, कॅमेऱ्यासमोर नोट धरली की बोलून सांगतं, नेट लागत नाही. काका त्याला नावं ठेवतात, म्हणतात माझी बोटं त्याच्या आधी सांगतात.

वाचायला सुगम्य पुस्तकालय, अंध आणि लो व्हिजनवाल्यांसाठी ऑनलाईन लायब्ररी आहे, सर्टिफिकेट दाखवून सभासद होता येतं, मराठी पुस्तकं पण आहेत. मी स्वयंपाक करताना कानात लावते.

माझ्या सर्टिफिकेटवर आजार वाढता आहे आणि काही वर्षांनी पुन्हा तपासणी करा असं लिहिलंय, त्यामुळे मूळ फील्ड रिपोर्ट जपून ठेवलाय, झेरॉक्स वेगळी. धाकट्या भावाला पण रात्री गाडी चालवताना अडचण यायला लागलीय. त्याला सांगितलंय, आधी फील्ड टेस्ट करून घे, मशीन चालू आहे का ते फोनवर विचारून मगच सुट्टी टाक, आणि तक्ता वाचता येत असेल तर बिनधास्त वाच, मुद्दाम अडखळायची गरज नाही.