लाट मोजली, ओढ राहिली

अंधेरीच्या ऑफिसात माझ्यापुढे खंभातच्या आखाताचा नकाशा आला, तेव्हा काम एका ओळीचं होतं: समुद्रात पवनचक्क्या उभारायच्या, तर वर्षातले किती दिवस तिथे खरोखर काम करता येईल? मी वेसाव्याच्या कोळ्याची मुलगी. हे आपल्याला जमणारच, असं वाटलं.

वाऱ्याची नोंद तयार होती. गुजरातच्या पिपावाव बंदरापासून समुद्रात सुमारे २३ किलोमीटर आत २०१७ साली लायडार बसवलं होतं. लेझरचा झोत वर सोडून ते निरनिराळ्या उंचीवरचा वारा मोजतं. वारा दुप्पट झाला की त्यातली ऊर्जा आठपट होते. पण जोराचा वारा पावसाळ्यातला, आणि तेव्हा क्रेनचं जहाज तिथे टिकत नाही. जून ते सप्टेंबर मी काढून टाकले. उरलेल्यांत दीड मीटरच्या आतल्या लाटेचे दिवस मोजले. साधारण तेवढ्यापर्यंतच माणसं बोटीतून खांबाच्या शिडीवर जाऊ शकतात. आकडा चांगला आला.

रात्री बाबांना दाखवला. ते म्हणाले, "लाट मोजलीस गो. पाणी ओढतं किती, ते कुठंय?"

ते मी धरलंच नव्हतं. आखातात आत, भावनगरकडे, भरती-ओहोटीचा फरक दहा मीटरपर्यंत जातो. तेवढं पाणी दर सहा तासांनी दिशा बदलतं. लाट नसली तरी त्या ओढीत पाणबुडा उतरत नाही, केबल जागेवर पडत नाही, खांबाच्या बुडाची वाळू निघून जाते. बाबांनी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं आणि अष्टमीच्या आसपासच्या तारखांवर बोट ठेवत गेले. भांगाचे दिवस, म्हणजे पाण्याची ओढ सगळ्यात कमी असते ते. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला केबलचं नावही काढायचं नाही.

मी सगळं पुन्हा मांडलं. पाण्याखालच्या कामाचे दिवस निम्म्यावर आले. साहेब नाराज झाले, पण खोटा आकडा देऊन उद्या कुणाचा तरी मुलगा त्या पाण्यात उतरवायचा का?

त्यातच एक चांगली गोष्ट हाती लागली. डोल म्हणजे तळातल्या खुंटांना बांधलेलं पिशवीसारखं जाळं, ते ओढीवरच भरतं. भांगाला जाळी किनाऱ्यावर सुकतात, दुरुस्त होतात. म्हणजे आमचे दिवस आणि कोळ्यांचे दिवस एकमेकांवर येत नाहीत. डोलीचे खुंट मात्र बारा महिने तळात रोवलेले असतात, आणि आमच्या नकाशात एकही नव्हता.

बाबांना घेऊन मी गुजरातच्या किनाऱ्यावर जाफराबादला गेले. तिथेही बोंबील, तिथेही डोल. एका म्हाताऱ्या तांडेलाने, म्हणजे होडीच्या प्रमुखाने, माझ्या नकाशावर पेन्सिलीने गोल काढायला सुरुवात केली. केबलची सरळ रेघ आता त्या गोलांना वळसा घालून जाते.