कोणाच्याच गोटात नसलेला इंडोनेशिया

इंडोनेशियाचे परराष्ट्र धोरण समजून घ्यायचे असेल, तर अग्रलेखांच्या आधी जकार्ताहून बांडुंगपर्यंतचा प्रवास करावा, असे मी येथे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगतो. शहराच्या दक्षिण भागातल्या ब्लॉक एम स्थानकातून आपण ज्या एमआरटीत, म्हणजे मेट्रोत, चढतो, ती जपानच्या कर्जावर उभी राहून २०१९ मध्ये सुरू झाली. दुकुह अतासला उतरून हलिमकडे जाणारी एलआरटी (हलकी शहरी रेल्वे) पकडली, की तिचे डबे पूर्व जावातील मादियुनच्या सरकारी कारखान्यात तयार झालेले असतात. हलिमहून पुढे ताशी ३५० किलोमीटर वेगाने धावणारी ‘वूश’ ही बांडुंगला जाणारी चिनी बनावटीची गाडी आहे. या मार्गाचा अभ्यास आधी जपानने केला होता. परंतु २०१५ मध्ये चीनने सरकारी हमी न मागता कर्ज देऊ केले आणि काम चीनकडे गेले. पुढे खर्च फुगला, २०२१ मध्ये सरकारी तिजोरीतून पैसा घालण्याची मुभा द्यावी लागली, आणि त्या कर्जाचा प्रश्न अजून मिटलेला नाही. जपान तेव्हा दुखावला गेला, तरी एमआरटीचे पुढचे टप्पे जपानच्याच मदतीने होत आहेत. कोणालाही दार बंद करायचे नाही आणि किल्लीही कोणाच्या हाती द्यायची नाही, अशी ही रीत आहे.

बांडुंग आपल्याकडे नेहरूंमुळे ठाऊक आहे. १९५५ च्या एप्रिलमध्ये आशिया आणि आफ्रिकेतील २९ देशांची परिषद ज्या गदुंग मर्डेकात भरली, ती इमारत आजही उत्तम स्थितीत आहे. मात्र इंडोनेशियाचा स्वतःचा विचार त्याहून जुना आहे. २ सप्टेंबर १९४८ रोजी तेव्हाचे पंतप्रधान मोहम्मद हत्ता यांनी योग्यकर्तात केलेल्या भाषणात दोन खडकांमधून नाव वल्हवण्याची कल्पना मांडली. त्या वेळी डच सैन्य देशात ठाण मांडून होते, आणि अवघ्या काही दिवसांनी मादियुनमध्ये कम्युनिस्टांचे बंड झाले. अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्या भांडणात आपण नुसते प्यादे का व्हावे, हा प्रश्न त्या देशापुढे पुस्तकी नव्हता. तो रक्ताने शिकवलेला होता, आणि त्या रक्तात आपल्याही माणसांचे रक्त आहे. १९४५ च्या ऑक्टोबरमध्ये सुराबायात ब्रिटिशांनी उतरवलेल्या ४९ व्या भारतीय ब्रिगेडमध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान होते. परक्या साम्राज्याच्या गरजेपोटी ते स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या इंडोनेशियन तरुणांसमोर उभे केले गेले आणि त्यांतले कित्येक तेथेच कामी आले. ही गोष्ट महाराष्ट्रात फारशी सांगितली जात नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

या धोरणाचा मार्ग सरळ राहिला, असे म्हणणे मात्र खरे होणार नाही. पहिले राष्ट्राध्यक्ष सुकार्नो सत्तेच्या शेवटच्या वर्षांत पेकिंगच्या, म्हणजे चीनच्या, बाजूला झुकले आणि १९६५ मध्ये देश संयुक्त राष्ट्रांतूनच बाहेर पडला. त्यांच्यानंतर सत्तेवर आलेल्या सुहार्तो यांनी १९६७ मध्ये चीनशी संबंध गोठवले, ते १९९० पर्यंत. अलिप्ततेचे नाव दोघांनीही सोडले नाही.

आजच्या सावधगिरीचे मूळ मला शस्त्रास्त्रांच्या अनुभवात अधिक दिसते. तेव्हा इंडोनेशियाच्या ताब्यात असलेल्या पूर्व तिमोरमधील हिंसाचारानंतर १९९९ मध्ये अमेरिकेने लष्करी विक्रीवर निर्बंध घातले आणि सुट्या भागांअभावी अमेरिकी बनावटीची विमाने जमिनीवर खिळली. त्यातून धडा घेऊन इंडोनेशियाने २००३ मध्ये रशियाकडून सुखोई लढाऊ विमाने घेतली. २०१८ मध्ये पुन्हा ११ सुखोई-३५ विमानांचा करार झाला, परंतु अमेरिकी निर्बंधांच्या धास्तीने तो तडीस गेला नाही; मग २०२२ मध्ये फ्रान्सच्या ४२ राफेल विमानांचा करार झाला. एकाच दुकानातून सगळा माल घ्यायचा नाही, हे येथील अधिकाऱ्यांच्या अंगवळणी पडले आहे.

महासत्तांचे डावपेच बदलले की जकार्ता लगेच बाजू घेत नाही; चर्चेची चौकट आपल्या हातात राहील असे पाहते. ‘इंडो-पॅसिफिक’ हा शब्द वॉशिंग्टनमध्ये चीनला आवर घालण्याच्या अर्थाने रुळू लागला, तेव्हा इंडोनेशियाने पुढाकार घेऊन २०१९ मध्ये आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेचा स्वतःचा दृष्टिकोन मंजूर करून घेतला. २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियाला अणुशक्तीवर चालणाऱ्या पाणबुड्या देणारा अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया यांचा ऑकस करार जाहीर झाला, तेव्हा परराष्ट्र मंत्रालयाने शस्त्रस्पर्धेबद्दल तीव्र चिंता व्यक्त केली आणि पुढच्या वर्षी अण्वस्त्रप्रसारबंदी कराराच्या आढावा परिषदेत पाणबुड्यांतल्या अणुइंधनावरील देखरेखीचा मुद्दा मांडला. पण ऑस्ट्रेलियाशी संबंध तोडले नाहीत. उलट २०२४ मध्ये त्याच देशाशी संरक्षण सहकार्याचा करार केला. नियमावलीतून प्रश्न विचारत राहणे, हे मोठ्या आरमारावाचून जगणाऱ्या देशाचे खरे बळ आहे.

राष्ट्राध्यक्ष प्रबोवो यांच्या काळात वेग वाढला आहे. २०२५ च्या जानेवारीत देश ब्रिक्सचा पूर्ण सदस्य झाला, आणि श्रीमंत देशांच्या ओईसीडी संघटनेत जाण्याचे प्रयत्नही चालूच राहिले. त्याच वर्षी ट्रम्प यांनी जाहीर केलेले ३२ टक्के आयातशुल्क वाटाघाटींतून १९ टक्क्यांवर आले. हा उत्साह मला समजतो, पण निर्णय एका व्यक्तीभोवती गोळा होत चालल्याची काळजीही वाटते. तिचे कारण दक्षिण चीन समुद्रातील इंडोनेशियाच्या नातुना बेटांजवळचे पाणी आहे. दक्षिण चीन समुद्रावर हक्क सांगण्यासाठी चीनने नकाशावर आखलेली नऊ रेघांची सीमारेषा इंडोनेशियाच्या विशेष आर्थिक क्षेत्रात (जिथल्या सागरी साधनसंपत्तीवर त्या देशाचा हक्क असतो) शिरते, परंतु त्या रेषेला सागरी कायद्यात आधारच नाही, त्यामुळे वादही नाही, अशी जकार्ताची भूमिका अनेक दशके राहिली. २०१७ मध्ये त्या भागाला उत्तर नातुना समुद्र असे नाव देण्यात आले. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रबोवो यांच्या बीजिंग भेटीनंतरच्या संयुक्त निवेदनात मात्र दोन्ही देशांचे दावे एकमेकांवर चढतात अशा क्षेत्रात संयुक्त विकास करण्याचा उल्लेख आला. येथील सागरी कायद्याच्या अभ्यासकांनी लगेच आक्षेप घेतला, आणि दोनच दिवसांत परराष्ट्र मंत्रालयाने खुलासा केला की चीनच्या दाव्याला मान्यता दिलेली नाही. खुलासा योग्यच होता. पण पुढच्या वाटाघाटीत बीजिंगचे अधिकारी टेबलावर ठेवतील ते निवेदन, आणि त्यातले शब्द बदललेले नाहीत.