कवळाण्याच्या पोराचं बडोदं

आमच्या मालेगाव तालुक्यात कवळाणे नावाचं गाव आहे. तिथल्या गोपाळ नावाच्या बारा वर्षांच्या पोराला 1875 मध्ये दत्तक घेऊन बडोद्याच्या गादीवर बसवलं आणि त्याचा सयाजीराव झाला, हे आमच्या मास्तरांनी शंभरदा तरी सांगितलं असेल. एवढं असून बडोदं पाहायला मला चाळिशी उजाडली. तीही आत्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून.

आत्या दांडिया बाजारात राहते. अख्खा जन्म बडोद्यात गेला तिचा. खिडकीतून भाजीवाल्याशी गुजरातीत भांडते, वळून माझ्याशी मराठीत बोलते, आणि सुट्टे मोजताना पुन्हा गुजरातीत पुटपुटते. पहिल्याच सकाळी तिनं दाराची किल्ली माझ्या हातात ठेवली. "तू येशील तेव्हा मला उठायला लावू नकोस."

"आधी राजवाडा पाहू का, आत्या?"

"आधी खाऊन घे. राजवाडा कुठं पळून चाललाय?"

खाणं म्हणजे सेव उसळ. पांढऱ्या वाटाण्याची उसळ, वर शेव, पातीचा कांदा, बाजूला पाव आणि वेगळ्या भांड्यात लालभडक तरी. हो, तरीच म्हणतात, गुजरातीतसुद्धा. आत्याचं म्हणणं असं, की मिसळ बडोद्याला सासरी आली तेव्हा मटकी माहेरीच ठेवून आली. मी दुसऱ्यांदा तरी मागितली आणि दुपारपर्यंत पस्तावलो.

लक्ष्मीविलास पॅलेसबद्दल फार लिहीत नाही, सगळेच लिहितात. तो 1890 मध्ये पुरा झाला. आराखडा मेजर मँटचा. तो अर्ध्यावर वारला आणि चिझमनं काम तडीला नेलं. दरबार हॉलची मोझाइकची जमीन आणि रंगीत काचा पाहून मान दुखते. बकिंगहॅम पॅलेसच्या चौपट मोठा, हे वाक्य मला दिवसभरात तिघांनी ऐकवलं. टेप घेऊन कोण गेलं होतं कुणास ठाऊक!

जुनं शहर मात्र चालत बघावं. मधोमध मांडवी, आणि तिथून चार दिशांना चार दरवाजे: पाणीगेट, लहेरीपुरा, चांपानेर, गेंडीगेट. रावपुऱ्याकडे तांबेकर वाडा आहे, गायकवाडांच्या एका दिवाणांचा. बाहेरून लाकडी, साधासा. वरच्या मजल्यावर गेलो आणि भिंतभर चित्रं: कृष्णलीला, महाभारत, मराठे आणि इंग्रजांची लढाई. मधेच एखादी गोरी मडमही. एका ओळीतल्या बायकांच्या नऊवारीचा काठ इतका बारीक रंगवलाय, की मी चष्मा काढून, नाक भिंतीला लागेल इतका जवळ गेलो. राखणदार खाकरला तेव्हा मागे सरलो.

पण ज्यासाठी मी पुन्हा बडोद्याला जाईन ते मांडवीजवळचं सेंट्रल लायब्ररी. अमेरिकेतली ग्रंथालयं पाहून सयाजीरावांच्या मनानं घेतलं आणि 1910 मध्ये त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतलं. स्वतःच्या संग्रहातली वीसेक हजार पुस्तकं दिली. गावोगावी लाकडी पेट्यांतून पुस्तकं धाडली जायची. त्याआधी 1893 मध्ये अमरेली भागात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण करून पाहिलं होतं, 1906 मध्ये ते सगळ्या संस्थानाला लागू झालं. नुसत्या शाळा काढून भागत नाही, शिकलेल्याला पुढे वाचायला काही लागतं, हा त्यामागचा सरळ हिशेब.

पुस्तकांची मांडणी लोखंडी आहे, मजल्यावर मजला, आणि मधली जमीन जाड काचेची. वरचा उजेड खालच्या कपाटांपर्यंत झिरपावा म्हणून. मी खाली उभा होतो. वर कुणीतरी चालत गेलं आणि त्याच्या चपलांच्या दोन धूसर सावल्या माझ्या डोक्यावरून सरकत गेल्या. कितीतरी वेळ मी पुस्तकं सोडून छताकडेच बघत राहिलो.

संध्याकाळी सयाजीबागेत गेलो. जुनी माणसं अजून कमाटीबागच म्हणतात. आतल्या म्युझियममध्ये देवमाशाचा अख्खा सांगाडा आहे, पण माझी वेळ चुकली, दार बंद. मग झाडाखालच्या बाकावर बसलो.

ही तीच बाग. बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर 1913 मध्ये आंबेडकर अमेरिकेला गेले आणि 1917 मध्ये नोकरीसाठी इथं आले. महाराजांच्या दरबारात जागा होती, महाराजांच्या शहरात राहायला खोली नव्हती. नाव लपवून एका पारशी विश्रामगृहात उतरले. अकराव्या दिवशी माणसं काठ्या घेऊन दारात आली. दोन मित्रांकडे विचारून पाहिलं, दोघांनीही टाळलं. मग मुंबईच्या रात्रीच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते या बागेत बसून राहिले, रडले. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. काचेच्या जमिनीचं कौतुक करून आलेला मी, तिथं बसल्यावर जरा गप्प झालो. गादीवरून हुकूम काढून शाळा निघते, ग्रंथालय निघतं. शेजाऱ्याचं दार उघडत नाही.

दिवे लागले तसा उठलो. खिशात हात घालून आत्याच्या घराची किल्ली चाचपली आणि दांडिया बाजारची रिक्षा केली.