बाराचे पाच झाले त्या दिवशी

22 सप्टेंबर 2025, सोमवार, घटस्थापना. त्या दिवसापासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी बारा टक्क्यांवरून पाचवर येणार होता. आम्ही मेडिकल दुकानांना बिलिंगचं सॉफ्टवेअर विकतो, त्यामुळे दिवस कसा जाणार याचा अंदाज होताच. सपोर्टच्या मुलांना लवकर बोलावलं होतं. निम्म्यांचे उपवास. नऊच्या आत सगळ्या लाइन अडकल्या आणि साबुदाण्याचे डबे संध्याकाळपर्यंत तसेच राहिले.

जीएसटी कौन्सिलचा निर्णय 3 सप्टेंबरला झाला होता, पण अधिसूचना निघाली 17 ला. म्हणजे नेमकी यादी हातात आल्यावर मधे चार दिवस, त्यातला एक रविवार. आमच्या नव्या व्हर्जनमध्ये कराचा दर तारखेप्रमाणे बदलतो, तिथे अपडेट टाकला की विषय संपला. भानगड जुन्या व्हर्जनची. त्यात दर आयटम मास्टरलाच, म्हणजे औषधांच्या मूळ यादीलाच चिकटलेला. तो पाच केला की ऑगस्टचं बिल पुन्हा छापलं तरी पाच टक्क्यांनीच निघणार, आणि ऑगस्टमध्ये नेलेलं औषध कुणी परत आणलं तर क्रेडिट नोटचाही घोळ. एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीची फी, भरणाऱ्यांकडे नवं व्हर्जन होतं. पण आमच्या निम्म्याहून जास्त दुकानदारांनी कित्येक वर्षं एएमसी भरलेली नव्हती. त्यांच्या काउंटरवर नेमकं कुठलं व्हर्जन चालू आहे, हे एनीडेस्कवरून, म्हणजे इथे बसून त्यांच्या संगणकात शिरल्याशिवाय कळत नव्हतं. काही ठिकाणी आत शिरताही येईना, कारण मशीनवर अजून विंडोज सेव्हन, ज्याचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने जानेवारी 2020 मध्येच बंद केला.

त्यात छापील किमतीचा गुंता. पाकिटावर 112 रुपये छापलेत, म्हणजे मूळ किंमत 100 आणि वर बारा. आता ते 105 ला द्यायचं. औषधांच्या किमतींवर लक्ष ठेवणाऱ्या एनपीपीएने कंपन्यांना सांगितलं होतं की दुकानात सुधारित दराची यादी पोहोचली आणि विक्री त्याप्रमाणे झाली, तर बाजारातल्या मालावर नवं लेबल लावायची सक्ती नाही. व्यवहाराला हे सोयीचंच. पण आमच्या जुन्या व्हर्जनला बॅचवरची एमआरपी एक आणि विक्रीची कमाल किंमत दुसरी, हे झेपत नव्हतं. किंमत बदलली की ते नवी बॅच धरायचं आणि तोच स्टॉक दोनदा दाखवायचं. एका दुकानात कपाटात क्रोसिनची वीस पाकिटं आणि स्क्रीनवर चाळीस. दुकानदार म्हणाला, "मॅडम, एवढी बरकत नको."

त्या दिवशी एएमसी न बघता आम्ही सगळ्यांना अपडेट दिला. औदार्य वगैरे काही नाही. चुकीच्या कराचं बिल निघालं, तर त्या बिलाच्या तळाशी आमच्याच सॉफ्टवेअरचं नाव छापलेलं असतं.

दुपारी फलटणकडच्या एका काकांचा फोन मी स्वतः घेतला, कारण आमचा मुलगा त्यांच्यापुढे हतबल झाला होता. काकांनी 2017 ला एकरकमी पैसे मोजून जीएसटीचं व्हर्जन घेतलेलं, त्यानंतर छदाम नाही. अपडेट टाकता टाकता मी त्यांना सहज सांगितलं की आम्ही आता क्लाउडवर जायचा विचार करतोय, दरवर्षी ठरावीक रक्कम भरायची, असे बदल आपोआप होतील.

"म्हणजे दर कमी केला सरकारने आणि पैसे तुम्हाला द्यायचे?"

"काका, बदल आम्हालाच करावा लागतो ना."

"गणपतीची वर्गणी आत्ताच दिली, आता तुमची. बरं, एखाद्या वर्षी राहिले द्यायचे. रात्री दहाला तापाने फणफणलेलं पोर घेऊन माणूस दारात उभा, आणि तुमचं मशीन म्हणणार, आधी पैसे भरा?"

आमच्या कच्च्या आराखड्यात नेमकं तेच लिहिलेलं होतं. मुदत संपल्यावर पंधरा दिवसांनी बिलिंग बंद.

क्लाउडवर कधी जायचं, हा माझा आणि माझ्या भागीदाराचा जुना वाद. त्याचं उदाहरण ठरलेलं, फोटोशॉपवाल्या अडोबी कंपनीचं. मे 2013 मध्ये त्यांनी जाहीर केलं की इथून पुढे नवं काही हवं तर सबस्क्रिप्शननेच. आरडाओरडा झाला, पण शेवटी जग त्यांच्या मागे गेलं. मी त्याला दर वेळी दुसरी बाजू दाखवायचे. त्या एका वर्षात अडोबीचा नफा सुमारे 83 कोटी डॉलरवरून 29 कोटींवर आला, पुढच्या वर्षी आणखी खाली. त्यांच्याकडे तेवढी गंगाजळी होती. आमच्याकडे पुढच्या महिन्याचे पगार असतात.

आमचं गणित साधं आहे. लायसन्स 14 हजार, दुसऱ्या वर्षापासून एएमसी अडीच हजार. सबस्क्रिप्शन धरलं तर वर्षाला 4,800. एएमसी इमानेइतबारे भरणाऱ्याकडून जुन्या पद्धतीने मिळणाऱ्या पैशांशी बरोबरी व्हायला पाच वर्षं लागतात. न भरणाऱ्याशी तिसऱ्याच वर्षी. एरवी हे आकडे आम्ही सरासरी काढून बघायचो आणि गप्प बसायचो. त्या रात्री मात्र दिवसभराच्या फोनची नोंद समोर होती. जवळजवळ सगळा वेळ एएमसी नसलेल्यांनी खाल्ला होता, तोही फुकट.

पैशापेक्षा मला वेगळंच पटलं. एवढ्या फोनांमध्ये नवं काही फीचर कुणीही मागितलं नव्हतं. सगळ्यांना हवी होती ती आजच्या दरांची बरोबर यादी. आमचा माल आता प्रोग्राम राहिलाच नव्हता, यादी ताजी ठेवणं हाच माल झाला होता. जे रोज करावं लागतं त्याचे पैसे एकदाच घेऊन कसं भागणार? हेच आमचं सॉफ्टवेअर जन्मपत्रिका छापायचं असतं, तर मी अजूनही सीडीत घालून विकलं असतं. तिथे दरवर्षी पैसे मागणं म्हणजे निव्वळ भाडं.

एप्रिलपासून नवे ग्राहक सबस्क्रिप्शनवरच घ्यायचे ठरलं. जुन्यांना सक्ती नाही, पण जुन्या व्हर्जनसाठी अपडेट आता निघणार नाहीत. बिलिंग दुकानातल्या मशीनवरच ठेवलं, फक्त दर, मास्टर आणि बॅकअप क्लाउडवर. तालुक्याच्या गावात लाइट गेली की इन्व्हर्टरवर संगणक चालतो, नेटचा भरवसा नसतो. सदाशिव पेठेतल्या होलसेलवाल्यांना अजून हात लावलेला नाही. एका सर्व्हरवर डझनभर माणसं दिवसभर बिलं ठोकतात, त्यांचं गणित वेगळं आहे आणि आमची तयारी कमी आहे.

पैसे थकले तर यादी थांबेल, बिलिंग थांबणार नाही, हे कलम मी करारात घालायला लावलं. भागीदार म्हणाला, "मग भरेल कोण?" मी म्हटलं, पुढचा दर बदलला की भरतील. त्याला ते अजून पटलेलं नाही.

काकांना कराराचा मसुदा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. वाचून त्यांचा फोन आला. ते कलम तेवढं वेगळं, लेटरहेडवर, सहीशिक्क्यासह आणि कुरिअरने पाठवा म्हणाले. मग बघू.