सोनं सोडून दगड का?

तुम्ही विचारलंत म्हणून. स्लाइड्स संपून दिवे लागले की कुणीतरी विचारतंच, ‘मेक्सिको-ग्वाटेमालातल्या प्राचीन माया लोकांना सोनं सोडून हा हिरवा दगड, हा जेड, एवढा मोलाचा का?’ मागून दुसरं कुणी, ‘चीनहून आणायचे का?’ नाही हो. चीनचा जुना जेड नेफ्राइट. मायांचा हा जेडाइट, ग्वाटेमालातल्या मोतागुआच्या खोऱ्यातला. दगडच वेगळा. आणि पालेंके या माया नगराचा राजा पाकाल ६८३ साली वारला, तेव्हा तिथे सोनं जवळजवळ नव्हतंच. मग ‘सोडून’ कसलं?

बरीच वर्षं मी एकच उत्तर द्यायचे: कष्ट. धातूची हत्यारं नसताना दोरी, वाळू आणि पाण्यानं कापलेला दगड, म्हणून मोल. हे उत्तर मला इतकं पटलं होतं, की एका आषाढात बर्मी जेडाइटचा बोराएवढा खडा आणून मी भोक पाडायला बसले.

पोकळ बोरू, टोकाशी ओली वाळू, दोन तळव्यांत घुसळायचं. पहिल्या दिवशी खड्याची नुसती चकाकी गेली. आठवड्यानं नख अडकेल एवढी गोल खाच पडली. बोरू झिजायचे, वाळूचं पीठ व्हायचं. पुसायची, नवी घालायची. तळव्यांना फोड. माया मण्यांची भोकं बहुधा दोन्हीकडून पाडून मध्ये मिळवलेली असतात, तसंच मीही केलं. दसऱ्याच्या सुमारास मध्ये पातळ पापुद्रा उरला. उजेडासमोर धरला की आतून कोवळा पोपटी दिसायचा. मला धीर धरवला नाही. पोलादी टोच्या लावला, हातोडीनं एकदाच ठोकलं. आतली जुनी चीर उकलली, खडा दुभंगला.

मी रडले. आजही सांगताना आवाज नीट राहत नाही.

त्यानंतर कष्टाचं उत्तर तोंडून निघेना. चिचेन इत्सा या माया नगराच्या पवित्र विहिरीतला गाळ एडवर्ड थॉम्पसन या अमेरिकी माणसानं १९०४ पासून उपसला, तेव्हा कोरीव जेड निघालं. त्यातलं बरंचसं मुद्दाम फोडून, जाळून टाकलेलं. कष्ट हेच मोल असतं तर फोडलं असतं का? की म्हणूनच फोडलं?

मग रंग म्हणावं. मक्याचा कोंब, पाणी, श्वास. मायांचा ‘याश’ म्हणजे हिरवा-निळा, आणि ‘पहिला’सुद्धा. १९५२ साली पाकालची शवपेटी उघडली, तेव्हा चेहऱ्यावर जेडचा मुखवटा होता, तोंडात जेडचा मणी. आपल्याकडे तोंडात सोन्याचा कण, तुळशीपत्र ठेवतात, ते आठवतंच. पण सभेत मी ही तुलना करत नाही. लोक माना डोलावतात आणि मका विसरतात.

मेक्सिकोतल्या, मायांच्या नंतरच्या अझ्टेकांकडे मात्र सोनं होतं, तरी जेड वरचढ. १५२० साली त्यांच्या राजधानीतून, तेनोच्तित्लानमधून पळताना बेर्नाल दियास या स्पॅनिश शिपायानं चार हिरवे दगड घेतले; पुढे औषधपाणी आणि खाणं त्यांवरच निघालं, असं तो लिहितो. त्याला कळलं होतं. मला अजून पुरतं कळलेलं नाही.

तुकडे डबीत आहेत, चिकटवलेले नाहीत. एकात अर्धं भोक दिसतं, आत वाळूनं काढलेल्या गोल रेघा.