वाटी, टॉवेल आणि वरच्या मजल्यावरचा आवाज

"ताई, यात काही घडतच नाही हो."

डोंबिवलीतल्या आमच्या वाचनालयात पुस्तक परत करताना हे वाक्य बरेच सभासद बोलतात. शेजाऱ्यांवर संशय घेण्याच्या संथ रहस्यकथा मी आग्रहाने हातात ठेवते. मग पुढच्या खेपेला विचारणा होते: शंभर पानं झाली तरी पोलीस नाहीत, मारामारी नाही, नुसतं कुणीतरी खिडकीतून बघतंय. तुम्हाला यात एवढं काय सापडतं? मागे रांग असते, उत्तर राहून जातं. तुम्ही विचारलंत म्हणून आज सांगते.

खून एका ओळीत उरकतो. पण रोज जिन्यात भेटणारा माणूस खुनी असेल, हे मनात रुजायला दिवस लागतात. तेवढे दिवस लेखकाने वाचकाला दिले नाहीत, तर हाती फक्त बातमी येते.

बेल्जियन लेखक जॉर्ज सिमेनॉनची 1933 सालची एक छोटी फ्रेंच कादंबरी आहे, मस्यू हीर नावाच्या एकट्या माणसाची. पॅरिसच्या वेशीवरच्या वस्तीत एका बाईचा खून झालेला असतो. इमारतीची राखणदारीण हीरच्या खोलीत डोकावते आणि तिला रक्ताळलेला टॉवेल दिसतो. दाढी करताना कापलेलं असतं, बस. पण माणूस एकलकोंडा, गुबगुबीत, कुणात न मिसळणारा. टॉवेल नसता तरी लोकांना दुसरं काहीतरी सापडलंच असतं. पुढे काय होतं ते सांगत नाही. एवढंच सांगते की, ती कादंबरी मिटवल्यावर मला खुन्यापेक्षा त्या इमारतीतल्या साध्या माणसांची भीती वाटली.

आणि वाटी. आपल्याकडे शेजारून भाजीची वाटी आली की ती रिकामी परत करत नाहीत, निदान साखर तरी घालतात. आयरा लेविनच्या 1967च्या 'रोझमेरीज बेबी'त न्यूयॉर्कमधली शेजारीण मिनी तरुण जोडप्याला गोड पदार्थ पाठवते. रोझमेरीला त्यात खडूसारखी चव लागते. नवरा म्हणतो, अगं खा, म्हातारीने एवढं केलंय. ती आणखी थोडं खाते, उरलेलं गुपचूप रुमालात लपवते. चाकू नाही, अंधार नाही. कुणाचं मन कसं मोडायचं, या संकोचाने बाई संकटात ओढली जाते. शेजारधर्म पाळत वाढलेल्या कुठल्याही मराठी बाईला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. माझ्या हातातलं पुस्तक त्या पानावर थांबलं होतं.

अलीकडच्या बऱ्याच पुस्तकांत मात्र बघणारी बाई दारू पिते किंवा गोळ्या घेते, म्हणून तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही. ही पळवाट मला आवडत नाही. शुद्धीतला, सज्जन माणूस चुकतो, तिथे खरी कथा आहे. कॉर्नेल वूलरिचच्या 1942च्या ज्या कथेवरून 1954 साली 'रिअर विंडो' चित्रपट झाला, तिच्यात हे फार सुंदर साधलंय. चित्रपटात नायकाच्या पायाचं प्लास्टर सुरुवातीलाच दिसतं. कथेत तो खिडकीशी का खिळून आहे, हे अगदी शेवटी कळतं. तोवर आपण त्याच्या नजरेने समोरच्या घरात बघत राहतो. बघणाऱ्याकडे वळून बघायचं आपल्याला सुचत नाही.

मलाही सुचलं नव्हतं. आई आजारी होती तेव्हा मी बाहेरच्या खोलीत झोपायचे. रात्री दोनच्या सुमाराला वरच्या मजल्यावर काहीतरी जड फरफटत नेल्याचा आवाज यायचा. वर एक निवृत्त गृहस्थ एकटे राहत. मी कालनिर्णयवर त्या त्या तारखेला फुली मारू लागले. हळूहळू त्यांचं सगळंच खटकायला लागलं: दोन दोन कुलपं, दुपारी ओढलेले पडदे, काळ्या पिशवीतून नेलेला कचरा. चार महिन्यांत सव्वीस फुल्या झाल्या. जिन्यात ते "आई कशा आहेत?" विचारायचे, मी "बऱ्या आहेत" म्हणून भरभर खाली उतरायचे.

आई दवाखान्यातून परत आली नाही. दिवस झाल्यावर ते समाचाराला आले, चहा घेतला. निघताना दारात घुटमळले आणि म्हणाले, "विचारू की नको असं होतं इतके दिवस. तुमच्याकडे रात्री काय सरकवत होते हो? मला झोप लागायची नाही. आता पंधरा-वीस दिवस अगदी शांत आहे."

सिमेंटच्या इमारतीत आवाज खांबांतून आणि स्लॅबमधून फिरतो. वरून आला की खालून, कानाला कळत नाही. हे मला नंतर समजलं.

ते गेल्यावर मी आतल्या खोलीत गेले. आईच्या पलंगाशी तिचं लोखंडी स्टूल होतं, एका पायाचं रबरी बूच निघालेलं. खिडकीपर्यंत फरशीवर बारीक चरा उमटला होता. मी स्टूल त्या चऱ्यावरून खिडकीपर्यंत ओढत नेलं, आणि त्याच्यावर बसले.